तो संगणक, ती ऑपरेटर

मराठीत नुसतं ‘मी’ म्हणून भागत नाही. इंग्रजी बोलणारा ‘आय वेन्ट’ म्हणून मोकळा होतो; मराठी बोलणाऱ्याला मात्र पुढच्याच शब्दाला आपण बाई आहोत की पुरुष, हे सांगून टाकावं लागतं. मी गेलो, मी गेले. मी येतो, मी येते. भविष्यकाळ तेवढा उदार. ‘मी येईन’ कोणीही म्हणावं. कोल्हापूरकडे बायकाही बिनदिक्कत ‘मी आलो’ म्हणतात, पण तो तिथल्या पाण्याचा गुण. मोबाइलमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपला ते पाणी लागलेलं नसतं. त्याच्यापुढे इंग्रजी वाक्य येतं, त्यात बाई-पुरुषाचा पत्ता नसतो, आणि मराठीत एक काहीतरी निवडल्याशिवाय क्रियापद पुरं होत नाही. मग ते अ‍ॅप निवडतं.

कशाच्या आधारावर? त्याला शिकवताना कोट्यवधी वाक्यांचा ढीग पुढ्यात टाकलेला असतो. त्यात डॉक्टरसोबत कोणतं क्रियापद जास्त वेळा आलं आणि नर्ससोबत कोणतं, एवढाच हिशेब त्याच्याकडे असतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तुर्की भाषेतलं. तुर्कीत तो, ती, ते या तिन्हींना मिळून एकच शब्द आहे, ‘ओ’. पण तुर्कीतला ‘ओ’ डॉक्टर असला की गूगलच्या इंग्रजी भाषांतरात तो पुरुष व्हायचा आणि नर्स असला की बाई. बराच गवगवा झाल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये गूगलने तुर्कीतून इंग्रजीत येणाऱ्या अशा वाक्यांना दोन्ही उत्तरं दाखवायला सुरुवात केली.

यंत्राच्या मनात काही नसतं, हे खरं. पण ते घडवणाऱ्याच्या मनात समोर बसलेलं एक माणूस असतं. ते माणूस कोण, त्याच्या हातात वेळ किती, खिशात फोन कोणाचा, त्याला कोणती भाषा येते, हे सगळं त्या यंत्रात उतरतं. आणि घडवणारे कोण असावेत, हे तरी कुठे आपोआप ठरलं?

इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हे आधी यंत्राचं नाव नव्हतंच. तो माणसाचा हुद्दा होता: आकडेमोड करणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांनी ताऱ्यांच्या फोटोंच्या काचा तपासायला बायका नेमल्या, त्यांनाही कॉम्प्युटरच म्हणत. त्यांतल्या विल्यमिना फ्लेमिंग आधी पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण होत्या. काम बारीक, चिकाटीचं, आणि पगार पुरुषांपेक्षा कमी. म्हणून ते बायकांचं. पुढे हेच नाव मिळालेलं यंत्र मराठीत आलं तेच ‘तो संगणक’ होऊन, पुल्लिंगी. मधल्या काळात हा हुद्दा बाईकडून यंत्राकडे आणि यंत्राचा ताबा पुरुषाकडे कसा गेला, ते पाहण्यासारखं आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला तोफांसाठी कोष्टकं हवी होती. तोफेचं तोंड किती अंशांत उचललं, वारा कसा आहे, हवा किती दाट आहे, तर गोळा कुठे पडेल? अशा एका गोळ्याचा मार्ग टेबलावरच्या हिशेबयंत्रावर काढायला ३० ते ४० तास लागत. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये गणित शिकलेल्या तरुण मुली हेच काम करत बसलेल्या असत. त्याच इमारतीत एनिअ‍ॅक नावाचं यंत्र उभं राहत होतं. वजन ३० टन, सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब, भिंतींच्या कडेने मांडलेली ४० उंच कपाटं.

हे यंत्र हिशेब करणार, पण त्याला हिशेब सांगायचा कोणी? १९४५ मध्ये त्यासाठी सहा जणी निवडल्या गेल्या: के मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिख्टरमन. गंमत अशी की सुरुवातीला त्यांना यंत्राच्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती, कारण गोपनीयतेचा दाखला अजून आलेला नव्हता. हातात ठेवले गेले ते जोडणीचे नकाशे. शिकवायला कोणी नाही, वाचायला पुस्तक नाही. प्रोग्रॅमिंगची भाषा हा प्रकारच तेव्हा जन्माला यायचा होता. नकाशांवरून त्यांनी एकेक कपाट काय करतं ते शोधून काढलं आणि मग समीकरणाचे तुकडे पाडून कोणती केबल कुठे खोचायची, कोणती कळ कुठे फिरवायची, याचा आराखडा कागदावर मांडला. आज ज्याला प्रोग्रॅम म्हणतात तो असा, केबलींच्या गुंत्यातून आकाराला आला.

१५ फेब्रुवारी १९४६ रोजी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक व्हायचं होतं. गोळ्याचा मार्ग काढून दाखवायचा प्रोग्रॅम जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी बसवला होता. आदल्या रात्री उशिरापर्यंत एक खोड काही जाईना: गोळा जमिनीवर आपटला तरी यंत्र थांबत नव्हतं, ते त्याला जमिनीच्या आत घेऊन चाललं होतं. दोघी थकून घरी गेल्या. झोपेतच स्नायडरच्या डोक्यात उजेड पडला, की हजारोंपैकी एक कळ एक घर चुकली आहे. सकाळी येऊन तिने ती फिरवली आणि प्रश्न मिटला. प्रात्यक्षिकात खरा गोळा जमिनीवर पडायला जेवढा वेळ घेईल, त्याच्या आतच एनिअ‍ॅकने त्याचा मार्ग काढून दाखवला. सुमारे २० सेकंद. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या रात्री विद्यापीठात मोठी मेजवानी झाली. सहा जणींपैकी एकीलाही बोलावणं नव्हतं. कार्यघरात चार दिवस राबलेल्या बाईला शेवटच्या पंगतीत बसवायची रीत आपल्याकडे आहे; इथे पंगतीचंच नाव नव्हतं. फेब्रुवारीच्या थंडीत त्या आपापल्या घरी गेल्या. पुढे वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत यंत्राशेजारी उभ्या असलेल्या या मुलींचे फोटो छापून येत राहिले, नावांशिवाय. १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने या बायका कोण, असं विचारलं तेव्हा तिला सांगण्यात आलं की या ‘रेफ्रिजरेटर लेडीज’ असाव्यात, म्हणजे जाहिरातीत फ्रिजचं दार उघडून उभ्या राहतात तशा मॉडेल. क्लायमन यांनी मग त्या सगळ्यांचा माग काढला आणि हयात होत्या त्यांच्या मुलाखती नोंदवून ठेवल्या.

या विसरण्यामागे कोणी कट रचला होता असं नाही, आणि तसं समजणं फार सोपं आहे. यंत्र बांधणं म्हणजे इंजिनिअरिंग, ते पुरुषाचं. यंत्राला काम सांगणं म्हणजे कारकुनी, ती बाईची, अशी वाटणी सगळ्यांनी धरूनच चालली होती. टाइपरायटर आणि टेलिफोन एक्स्चेंजच्या शेजारीच प्रोग्रॅमिंगही मांडलं गेलं. तो संगणक, ती ऑपरेटर. अवघड भाग कोणता आहे, हे कळायला काही वर्षं जावी लागली.

तोवर प्रोग्रॅमिंगच्या क्षेत्रात बायका चांगल्याच रुळल्या. नौदलातल्या ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये पहिल्या कंपायलरांपैकी, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी, एक तयार केला आणि त्यांच्याच कामाच्या पायावर १९५९ पासून कोबोल ही भाषा आकाराला आली. तिच्यावर बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब पुढे कित्येक दशकं चालले. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॉस्मोपॉलिटन’ या बायकांच्या मासिकाने संगणकावर काम करणाऱ्या मुलींवर लेख छापला. त्यात हॉपर यांनी प्रोग्रॅमिंगची तुलना जेवणावळीच्या तयारीशी केली होती: सगळं आधी ठरवायचं, वेळेवर हाताशी येईल असं मांडायचं. वीस माणसांचा स्वयंपाक एकहाती उरकणाऱ्या कोणत्याही बाईला हे पटावं. तो लेख वाचताना आज मात्र एक विचित्र भावना होते, कारण वारं तेव्हाच फिरायला लागलं होतं.

सॉफ्टवेअर महाग आणि महत्त्वाचं आहे हे कंपन्यांच्या लक्षात आलं, तशी प्रोग्रॅमर निवडण्यासाठी चाचण्या आल्या. १९६६ मध्ये विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या मानसशास्त्रज्ञांनी १,३७८ प्रोग्रॅमरांचा अभ्यास केला; त्यांत बायका होत्या १८६. त्यावरून त्यांनी चांगल्या प्रोग्रॅमरची लक्षणं काढली: कोडी सोडवायला आवडतात, आणि माणसांमध्ये फारसा रस नसतो. आता मुळात पुरुषच जास्त मोजले, तर पुरुषांची लक्षणं प्रोग्रॅमरची लक्षणं म्हणून निघणार, यात नवल नाही. नवल हे की हा निष्कर्ष भरतीच्या कसोटीत जाऊन बसला. एकलकोंडा, चष्मेवाला, रात्रभर जागणारा मुलगा हे जे प्रोग्रॅमरचं चित्र आज सिनेमात दिसतं, त्याच्या जन्मात या कसोट्यांचा मोठा हात आहे. एनिअ‍ॅकच्या जेनिंग्ज आणि स्नायडर नेहमी जोडीनेच काम करायच्या, एकमेकींच्या चुका काढत. त्या या चाचणीत पास झाल्या असत्या का, कोण जाणे.

१९८० नंतर घरगुती कॉम्प्युटर आले आणि अमेरिकेत ते मुलांचं खेळणं म्हणून विकले गेले. ते मुलाच्या खोलीत जाऊन बसले. कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाच्या हाताखालून पाच-सहा वर्षांचं प्रोग्रॅमिंग गेलेलं, आणि मुलगी गणितात त्याच्याहून हुशार असूनही कीबोर्डला नवखी. प्राध्यापक पहिल्यासारखेच शिकवायचे. मुलींना वाटायचं, आपल्यातच काही कमी आहे. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत १९८४ च्या सुमारास ३७ टक्के मुली होत्या. २०१० पर्यंत त्या १८ टक्क्यांवर आल्या. वैद्यक आणि कायद्याच्या शिक्षणात याच काळात मुलींचं प्रमाण वाढत होतं, हे लक्षात घेतलं की या घसरणीचा विचित्रपणा कळतो.

ही घसरण निसर्गनियम नव्हती, याचा पुरावा पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने दिला. जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन वर सांगितलेलं दुखणं शोधून काढलं. मग प्रवेशासाठी प्रोग्रॅमिंगचा पूर्वानुभव पाहणं सोडून दिलं गेलं आणि नवख्यांसाठी पहिल्या वर्षाचे वर्ग वेगळे आखले गेले. १९९५ मध्ये नव्या प्रवेशांत मुली होत्या ७ टक्के. २००० साली त्या ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींचे मेंदू बदलत नाहीत.

अटलांटिकच्या पलीकडे तर एका बाईने बायकांना प्रोग्रॅमिंगमध्ये टिकवण्याचा प्रश्न त्याआधीच वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. नाझींच्या तावडीतून सुटून लहानपणी निर्वासित म्हणून इंग्लंडला आलेल्या स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर, घरच्या जेवणाच्या टेबलावर सॉफ्टवेअरची कंपनी काढली. मूल झालं म्हणून नोकरी सुटलेल्या प्रोग्रॅमर बायका त्यांनी गोळा केल्या आणि त्यांना घरी बसून काम दिलं. ‘वर्क फ्रॉम होम’ या शब्दाच्या कितीतरी आधी. कंपन्यांना पाठवलेल्या पत्रांना उत्तरच येईना, तेव्हा नवऱ्याच्या सल्ल्यावरून त्या पत्राखाली ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या; उत्तरं यायला लागली. फोनवर बोलताना मागे बाळाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवायच्या. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग या घरबसल्या बायकांनी केलं. कंपनीच्या पहिल्या ३०० जणांत २९७ बायका होत्या. पुढे १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदाविरुद्ध कायदा आला आणि बायकांनाच प्राधान्य देणं बेकायदा ठरलं, तेव्हा शर्ली यांना पुरुषांनाही घ्यावं लागलं.

पश्चिमेतली ही कथा आशियात जशीच्या तशी लागू होत नाही. मलेशियात नॉर्वेच्या संशोधक व्हिव्हियन लागेसन यांना मलाया विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या वर्गांत मुलीच जास्त दिसल्या, वरच्या पदांवरही बायका. तिथे कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. सावलीत बसून करायचं सुरक्षित काम, मुलींना साजेसंच. भारतीय विद्यार्थिनींचा अभ्यास करणाऱ्या रोली वर्मा यांनाही जवळपास हेच ऐकायला मिळालं. पुण्या-नागपुरातल्या कोणत्याही घरात बारावीच्या निकालानंतर होणारी चर्चा आठवावी: मेकॅनिकलला गेलीस तर शॉप फ्लोअरवर उभं राहावं लागेल, सिव्हिलला साइटवर हिंडावं लागेल, त्यापेक्षा कॉम्प्युटर घे, एसीत बसून काम, कंपनीची बस, आणि स्थळंही चांगली येतात. अमेरिकेत ज्या कारणाने मुली या शाखेपासून दूर राहिल्या, त्याच्या बरोबर उलट्या कारणाने इथे त्या तिच्याकडे ढकलल्या गेल्या. आयटी कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमच्या आकड्यांनुसार २०२२ च्या सुमारास देशातल्या सुमारे ५० लाख आयटी कर्मचाऱ्यांत ३६ टक्के बायका होत्या. टाटांच्या पिंपरीतल्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलेलं पाहून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी १९७४ मध्ये थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं होतं. तिथून इथवरचं अंतर कमी नाही.

पण वर्गात, ऑफिसात बायका असणं वेगळं आणि काय बनवायचं हे ठरवणाऱ्या टेबलाशी त्या असणं वेगळं. त्या टेबलाशी त्या नसल्या की काय होतं, याची उदाहरणं कधी हसू आणणारी आहेत, कधी नाहीत.

१९७३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फोटोंवर प्रक्रिया करणारा प्रोग्रॅम तपासायला एक चांगला फोटो हवा होता. कोणीतरी ‘प्लेबॉय’चा अंक हातात घेऊन आलं. त्यातल्या लेना या मॉडेलच्या चित्राचा खांद्यापर्यंतचा भाग स्कॅन झाला आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं फोटो दाबून लहान करण्याच्या पद्धती याच चित्रावर तपासल्या गेल्या, शोधनिबंधांत तेच छापलं गेलं. विद्यार्थिनी विषय शिकायला यायच्या आणि पाठ्यपुस्तकात ती बसलेली असायची. अभियंत्यांच्या आयईईई या संघटनेच्या कॉम्प्युटर सोसायटीने १ एप्रिल २०२४ पासून हे चित्र असलेले निबंध घेणं बंद केलं.

अ‍ॅपलने २०१४ मध्ये तब्येतीची सगळी नोंद ठेवणारं अ‍ॅप आणलं. रक्तातल्या दारूचं प्रमाण, शरीरात गेलेलं सोडियम, दम्याचा पंप किती वेळा ओढला, सगळं त्यात होतं. पाळीची तारीख तेवढी नव्हती. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर बायका पिढ्यान्‌पिढ्या जी खूण करत आल्या, ती त्या अ‍ॅपमध्ये यायला २०१५ उजाडलं.

हसू मावळतं ते इथून पुढे. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहरा पाहून बाई की पुरुष ते सांगणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्याच वर्षी रॉयटर्सने बातमी दिली, की अ‍ॅमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर ‘महिला’ हा शब्द दिसला की अर्जाचे गुण कापत होतं. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवरून ते शिकलं होतं, आणि ते अर्ज मुख्यतः पुरुषांचे होते. कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. १९६६ च्या त्या चाचणीचाच हा नातू म्हणायचा, फक्त आजोबा कागदावर होते.

आता महाराष्ट्रातलं उदाहरण, आणि ते जरा सविस्तर, कारण संगणकाच्या इतिहासाच्या पुस्तकात ते येण्याची शक्यता कमी आहे.

राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. सेविका म्हणजे बाई, मदतनीस म्हणजे बाई, तिच्या यादीतल्या गरोदर आणि स्तनदा माता अर्थातच बाया. आधी तिच्याकडे रजिस्टरं असायची, ढीगभर. मग सरकारी मोबाइल आला. मार्च २०२१ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आणलं. मुलाचं वजन, उंची, हजेरी, घरी न्यायच्या आहाराची पाकिटं, सगळं रोजच्या रोज त्यात भरायचं. अ‍ॅप इंग्रजीत. फोनची मेमरी २ जीबी. अ‍ॅप उघडलं की फोन तापायचा, मध्येच हँग व्हायचा, भरलेली माहिती गायब व्हायची. वॉरंटी संपली होती, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्या मानधनातून, आणि मानधन तेव्हा साडेआठ हजारांच्या घरात. तीस वर्षं बिनचूक रजिस्टर लिहिणारी सेविका इंग्रजी रकान्यापुढे थबकायची आणि शाळेतून आलेल्या मुलाला किंवा भाच्याला म्हणायची, बाबा, हे जरा भरून दे.

ऑगस्ट २०२१ मध्ये या बायकांनी मोबाइल वापसी आंदोलन केलं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रकल्प कार्यालयांत जाऊन त्यांनी सरकारी फोन टेबलावर ठेवले. मागणी तंत्रज्ञान नको अशी नव्हती. चांगला फोन द्या आणि अ‍ॅप मराठीत द्या, एवढं त्यांचं म्हणणं होतं. भाषेचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या अ‍ॅपच्या वापरणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या बायका, त्या अ‍ॅपबद्दल बायकांना आधी कोणी विचारलं नव्हतं, हे त्या टेबलावरच्या फोनांच्या राशीएवढं स्पष्ट दुसऱ्या कशाने झालं नसतं.

पुढे त्याच अ‍ॅपमध्ये आहार नेणाऱ्या मातेचा चेहरा जुळवून पाहायची पद्धत आली. त्यासाठी आधी आधारची पडताळणी, आणि पडताळणीसाठी ओटीपी. इथे सगळं अडतं. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, तो नंबर नवऱ्याचा असतो, नवरा कामावर असतो. सेविका दारात उभी, माता पोराला कडेवर घेऊन उभी, आणि दोघी मिळून कारखान्यात, नाहीतर ट्रकवर असलेल्या माणसाला फोन लावतायत: अहो, आता एक मेसेज येईल, त्यातले आकडे लवकर सांगा. मुदत संपायच्या आत नाही सांगितले, तर पहिल्यापासून.

‘लाडकी बहीण’ योजनेतही सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झालं तेव्हा बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं गेलं आणि त्या नंबरवरही ओटीपी जाऊ लागला. ज्यांचे नवरेही नाहीत आणि वडीलही नाहीत, अशा विधवा आणि टाकलेल्या बायकांचं काय, हा प्रश्न नंतर उपस्थित झाला आणि मग त्यांच्यासाठी वेगळी सोय जाहीर करून मुदत वाढवावी लागली. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी बाई होती, तिच्या शेजारी एक पुरुष गृहीत धरलेला होता.

आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ३८ आणि ६१.५, शेजारच्या गोव्यात ७३.७ आणि ८२.९. आणि ज्यांच्याकडे फोन आहे त्यांचा तरी तो पुरता असतो का? निथ्या संबाशिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या बायकांशी बोलून २०१८ मध्ये मांडलं, की फोन तिच्या नावाचा असला तरी मुलं, नवरा, सासू सगळे तो हाताळतात. मग बायका त्यातून वाट काढतात: ठरावीक अ‍ॅपला कुलूप, एखादाच मेसेज पुसणं, मुलासाठी वेगळं फोल्डर. ‘एक फोन, एक मालक’ हे फोन बनवणाऱ्यांनी धरून चाललेलं गणित आपल्या घरांत बसतच नाही. साधं रिचार्ज घ्या. टपरीवर जाऊन नंबर सांगायचा म्हणजे तो तिथे उभ्या असलेल्या चार जणांनाही सांगायचा, आणि रात्री अनोळखी मिस्ड कॉल सुरू. व्होडाफोनने २०१८ मध्ये ‘सखी’ नावाने एक सोय काढली, ज्यात दुकानदाराला खऱ्या नंबरऐवजी वेगळाच दहा आकडी नंबर सांगून रिचार्ज करता येत असे. ही गरज ओळखायला मोबाइलला भारतात येऊन दोन दशकं व्हावी लागली.

बायकांना आधी विचारलं तर काय होतं, हे साताऱ्याच्या माण तालुक्यात पाहायला मिळतं. दुष्काळी म्हसवडमध्ये चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण भागधारक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, लिहिणं कच्चं असेल आमचं, पण व्याजाचं कुठलंही गणित घाला, आम्ही तोंडी करू. तुमचे लोक कॅल्क्युलेटरशिवाय करतात का बघा. परवाना मिळाला. पुढे बँकेने या बायकांसाठी कार्ड आणायचं ठरवलं, पिन नंबरवालं, जगभर असतं तसं. बायकांनी पिनला नकार दिला. त्यांचा मुद्दा असा, की पिन कोणीही चोरून घेईल आणि कष्टाचा पैसा काढून नेईल, अंगठा कसा चोरणार? बँकेने अंगठ्याच्या ठशावर चालणारी व्यवस्था केली. चेतना सिन्हा ही गोष्ट २०१८ मधल्या एका व्याख्यानात सांगतात, आणि त्यात त्या स्वतःकडे विद्यार्थिनीची भूमिका घेतात.

अंगठ्यालाही मर्यादा आहेत. भांडी घासून, माती उपसून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटकन लागत नाहीत. पण तो निर्णय ज्यांचे पैसे होते त्यांनी घेतला होता.

वाचकाने या लेखानंतर एक छोटं काम करावं. घरातल्या आईचं, आजीचं, घरी कामाला येणाऱ्या मावशींचं आधार आणि बँकेचं खातं कोणाच्या मोबाइल नंबरला जोडलेलं आहे, ते त्यांना विचारावं. नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा निघाला आणि बाईजवळ स्वतःचा फोन असला, तर तिच्यासोबत आधार केंद्रावर आणि बँकेत जाऊन तिथे तिचा नंबर जोडून द्यावा. जाताना रांगेची तयारी ठेवावी.